दोन पेट्या, एक गरी

पुण्याचा पुतण्या गणपतीला आला की चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारतो, "काकी, मधाचे महिन्याला किती सुटतात?" गेल्या खेपेला तर तो लॅपटॉपच उघडून बसला. मधमाश्यांच्या वीस पेट्या, पेटीमागे सात किलो, किलोला अमुक रुपये. बेरीज झकास आली. लेबलाचं चित्रसुद्धा तयार होतं. त्यावर एक गलेलठ्ठ पिवळी माशी, आमच्या सातेरीच्या, म्हणजे इथल्या देशी मधमाशीच्या, दुप्पट दिसणारी. मी म्हटलं, "आषाढात वीस पेट्यांना साखरपाणी कोण घालणार?" तो म्हणाला, "पावसात त्यांना काय लागतं?" तिथेच हिशोब संपला.

माझ्याकडे दोन पेट्या आहेत. एक कमी पडते, तीन जास्त होतात, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे सांगायचं तर मधाच्या आधी पावसाबद्दल, आंब्याच्या फवारणीबद्दल आणि एका हरवलेल्या राणीबद्दल बोलावं लागेल. मध्येच खाडीवरही जाऊन येईन, कारण माझा दिवसच तसा जातो.

मी गावात शाखा डाकपाल आहे. पोस्ट म्हणजे आमच्याच घराची पडवी. एक टेबल, एक लोखंडी पेटी, भिंतीवर व्याजदराचा तक्ता आणि मोबाइलएवढं एक यंत्र, ज्याला रेंज मिळाली तर मिळाली. नऊला उघडायचं, एकला बंद करायचं. गाव मुचकुंदीच्या काठाला, साटवली आणि पूर्णगड यांच्या मधलं. नदी माचाळच्या डोंगरातून लांजा तालुक्यातून खाली येते, साटवलीच्या आसपास तिची खाडी होते आणि पूर्णगडाच्या किल्ल्याखाली ती समुद्राला मिळते. आमच्या इथलं पाणी धड गोडं नाही, धड खारं नाही. मासा मात्र त्यामुळेच दोन्हीकडचा मिळतो.

गरवायला, म्हणजे गरीनं, गळानं मासे धरायला, मला मामंजींनी शिकवलं. सुनेच्या हातात गरी देणारा सासरा तेव्हा वाडीत दुसरा नव्हता. सासूबाईंना ते अजूनही पटलेलं नाही. काळुंदर माशाचं तिखलं मात्र त्या मागून घेतात. मामंजींची काठी माणग्याची, भरीव, शेंड्याकडे वाकणारी. तंगूस, म्हणजे गरीचा नायलॉनचा दोरा, काठीच्या लांबीइतकाच, चाकबिक काही नाही. बूच पांगाऱ्याचं. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की इतकं हलकं होतं की हातात आहे की नाही ते कळत नाही. सुरीनं लांबट गोल तासायचं, तापवलेली तार मधून आरपार घालायची, भोकातून तंगूस ओवायचा आणि वरून खराट्याची काडी दाबून बसवायची. काडी सैल केली की बूच वरखाली सरकतं. पाणी चढत गेलं की तसतसं बूच वर घ्यायचं, आमिष तळाच्या गाळापासून वीतभर वर राहिलं पाहिजे.

आजची पोरं जुन्या रबरी चपलेचा तुकडा कापून बांधतात. तोही तरंगतो, तक्रार नाही. पण तो पाण्यावर आडवा पडून राहतो, माशानं जोरात ओढल्याशिवाय काही सांगत नाही. पांगाऱ्याच्या बुचाखाली शिशाचा मणी नेमक्या वजनाचा बसला तर ते पाण्यात उभं राहतं, फक्त बोटाचं पेरभर टोक वर. काळुंदरानं आमिष नुसतं चाखलं तरी ते टोक थरथरतं.

काळुंदर गिळत नाही. दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा मासा तो, तोंड लहान, घाई अजिबात नाही. कणकेची गोळी चोखतो, सोडतो, फिरून येतो. बूच दोनदा थरथरतं, मग किंचित कलतं, मग पाण्यावरून तिरकं चालायला लागतं. तिरकं चाललं की मनगट उचलायचं. थरथरीला उचललं तर गरी धुतल्यासारखी रिकामी वर येते. तांबोशीचं सगळं उलट. कोलंबी लावलेली असली तर बूच दिसेनासं झालेलं असतं आणि मासा कांदळाच्या मुळांत पोचलेला असतो. केंड तर तंगूस दातानं कापून गरीसकट निघून जातो. शेंगाळी लागली तर आधी फडकं शोधायचं, मग ती काढायची. तिच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे टोचले तर रात्रभर हात ठणकतो.

एक गोष्ट मामंजींनी पहिल्याच दिवशी बजावली होती. काळुंदराची जोडी एकाच दगडाभोवती घुटमळताना दिसली तर तिथे गरी टाकायची नाही. नर-मादी दोघं मिळून अंडी राखतात, पंख हलवून त्यांच्यावर पाणी घालतात आणि पिल्लं झाली की त्यांच्याबरोबर फिरतात. ओहोटीच्या स्वच्छ पाण्यात उकिडवं बसलं तर हे सगळं वरून दिसतं. मी त्यासाठीच कधीकधी काठी न घेता जाते. "रिकाम्या हातानं आलीस?" हा प्रश्न घरी ठरलेला असतो.

भरतीचं गणित मामंजींकडे तोंडपाठ होतं. तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. पौर्णिमेला आणि अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत जितकं आत यावं तितका थोडा उशीर धरायचा. आता मोबाइलवर मिनिटासकट वेळ मिळते. पण चुलीपुढे हात पिठात असताना भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे नुसतं बघून वेळ सांगता येते, ती सोय मोबाइलमध्ये नाही.

या गणितातून माझ्या नोकरीचा एक फायदा निघतो, जो कुठल्याही भरतीच्या जाहिरातीत छापलेला नसतो. पौर्णिमा-अवसेच्या उधाणाची भरती सव्वाअकरा-बाराला येते. तेव्हा मी खिडकीवर कुणाच्या तरी आवर्ती ठेवीच्या पुस्तकावर शिक्का मारत असते. पण उधाणाचं पाणी बुचाच्या कामाचं नाहीच. ओढ इतकी की बूच आडवं होऊन वाहत जातं, आणि गाळ उठलेला असतो. डोल लावणाऱ्यांना उधाण हवं, त्यांच्या जाळ्यात पाण्याची ओढच मासळी आणून घालते. बुचावर गरवणाऱ्याला हवा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, मंद भरती. अष्टमी-नवमीचं पाणी संथ, गढूळपणा कमी, बूच टाकलं तिथे राहतं. आणि भांगाची भरती बरोबर संध्याकाळी सहा-पावणेसातला भरते, म्हणजे चढतं पाणी चार ते सहा. पोस्ट बंद, जेवण झालं, सासूबाई आडव्या झाल्या. दर पंधरवड्याला सरकार मला हे दोन-तीन दिवस अगदी सोडून देतं.

खाडीवरून माश्या दिसतात, म्हणून आता माश्यांकडे येते. पावसाच्या आधी तिवर फुलतो. बारीक पिवळी फुलं, जवळ गेल्याशिवाय लक्षातही येत नाहीत. काठावर बसलं की डोक्यावर सतत बारीक गुणगुण चालू असते आणि वर बघितलं की सातेरी. त्या माझ्याच पेटीतल्या आहेत असं मी धरून चालते. सातेरी साधारण किलोमीटरभराच्या आत फिरते आणि आमचं घर त्याहून जवळ आहे, त्यामुळे हे अगदीच गर्वाचं बोलणं नव्हे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, कड्यावर नाहीतर उंच झाडावर. तिच्या वाटेला कुणी जाऊ नये. फुलोरी झुडपात बांधते, तेही एकच, तळहाताएवढं. सातेरी अंधाऱ्या पोकळीत शेजारी शेजारी अनेक पोळी बांधते, म्हणून ती पेटीत राहते. पेटीच्या चौकटी म्हणजे तिच्या पोळ्यांनाच लाकडाची किनार. दोन पोळ्यांमध्ये तिला तिच्या मापाचं अंतर लागतं. ते चुकलं तर ती मधली जागा मेणानं भरून टाकते नाहीतर वेडंवाकडं बांधते. सुताराला हे पटवायला मला वेळ लागला. "दोन सुतानं काय होतंय?" असं त्याचं म्हणणं. माशीला त्या दोन सुतानंच होतं.

मामंजींच्या काळी मध म्हणजे दगडी गडग्यातलं मोहळ रात्री चूड पेटवून झाडायचं आणि पोळं फडक्यात पिळायचं. त्यात मध, पराग, अळ्या सगळं एकत्र. मोहळ गेलंच. मी महाबळेश्वरच्या मध संचालनालयाचं प्रशिक्षण घेतलं आणि पहिली वसाहत विहिरीमागच्या गडग्यातूनच धरली. नारळाच्या वाळक्या सोडणाचा धूर देत एकेक चिरा सरकवायचा. पोळी एकेक कापून घ्यायची, वरचा मधाचा पट्टा वेगळा काढायचा आणि पिल्लांचा भाग चौकटीत बसवून केळीच्या सोपटानं बांधायचा. सुतळी चालते, पण सोपट बरं. दोनेक दिवसांत माश्या पोळं मेणानं चौकटीला चिकटवतात आणि मग ते सोपट कुरतडून, धागा धागा करून दाराबाहेर आणून टाकतात. पेटीच्या पुढ्यात सोपटाचा भुगा दिसला की समजायचं, मंडळींनी घर आपलं मानलं.

पूर्ण मानलं असं मात्र कधीच नसतं. सातेरीचं वैगुण्य म्हणा की बाणा म्हणा, तिला पटलं नाही की ती उठून जाते. खायला कमी झालं, मुंग्या लागल्या, पेटी सारखी उघडली, ऊन लागलं, पोळ्याला मेणकिडा लागला, की एखाद्या सकाळी सगळी वसाहत राणीसकट हवेत. पंजाब-हरयाणात ज्या इटालियन माश्या पाळतात त्या असं सहसा करत नाहीत, मधही कितीतरी जास्त देतात. पण त्यांना आमचा पाऊस आणि आमची फुलांची तूट झेपत नाही, सारखं फुलोऱ्यामागे ट्रकनं फिरवावं लागतं. सातेरी इथलीच आहे, म्हणून तिच्या अटी मान्य करायच्या.

आता आषाढ. पुतण्याच्या तक्त्यात नसलेला महिना. आमच्याकडे माशीचं वर्ष दिवाळीनंतर उजाडतं. पाऊस ओसरल्यावर किंजळ फुलते, पुढे काजू मोहरतो, मग मार्च-एप्रिलला जांभूळ, करंज, शेवटी तिवर. नारळ बारा महिने पराग देतो. जूनमध्ये एकदा कोसळायला लागला की हे सगळं बंद. माशी दारात येते, बघते, आत जाते. राणी अंडी घालणं कमी करते, वसाहत आक्रसत जाते. आठ चौकटींवर पसरलेल्या माश्या श्रावणापर्यंत तीन-चार चौकटींवर येतात. मोकळी पडलेली पोळी काढून घ्यावी लागतात, कारण ज्या पोळ्यावर माश्या बसलेल्या नाहीत तिथे मेणकिडा शिरतो आणि आठवड्यात पोळ्याचं जाळं करतो. तळाची फळी दर आठवड्याला पुसायची, त्यातच त्याची अंडी असतात. पेटीच्या चारी पायांखाली करवंट्या, त्यात पाणी आणि वर थोडं जळकं तेल, तांबड्या मुंग्यांसाठी. पावसानं करवंट्या भरून वाहिल्या की तेल जातं. परत घाला.

आणि साखरपाणी. जितकी साखर तितकं पाणी, उकळून गार केलेलं, भोकं पाडलेल्या झाकणाच्या बरणीत भरून आत उलटं ठेवायचं. गूळ नको, त्यानं माश्यांना हगवण लागते. घालायचं तेही कातरवेळी आणि एक थेंब बाहेर न सांडता. दिवसा घातलं तर वासावर दुसऱ्या पेटीच्या माश्या येतात आणि लूट सुरू होते. दारावर एकमेकींना धरून कोसळणाऱ्या माश्या एकदा बघितल्या की परत कुणी दुपारी साखर घालणार नाही. एवढं सगळं पागोळ्या गळत असताना, डोक्यावर इरलं घेऊन, दोन पेट्यांना. दोन पेट्यांना हे छंद म्हणून जमतं. वीसला नोकरी सोडावी लागेल, आणि भांगाची संध्याकाळही.

पुतण्यानं मला मांघरचा व्हिडिओ दाखवला होता. महाबळेश्वरच्या पायथ्याशी असलेलं ते गाव २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. कौतुकाचंच आहे. पण तिथे गावाला जंगल चिकटलेलं आहे, जांभूळ, हिरडा, गेळा, आणि पिढ्यान्‌पिढ्या मध काढणारी घरं. आमच्या वाडीभोवती आंबा आहे. आंबा बघायला चांगला, माशीला नव्हे. हापूसच्या मोहोरावर सातेरीपेक्षा साध्या घरमाश्या आणि हिरव्या-निळ्या माश्याच जास्त फिरतात आणि फळ धरायचं बरंचसं काम त्याच करतात. म्हणून मी गरवलेल्या माशांची डोकी, कल्ले, आतडी जुन्या जाळ्याच्या तुकड्यात बांधून मोहोराच्या दिवसांत परसातल्या दोन कलमांना टांगते. वासावर माश्या येतात. सासूबाई म्हणतात, "आंब्याखाली मासळीबाजार मांडलाय मेला." दुपारी वारा घराकडे वळला की त्यांचं चुकत नाही. तरी त्या दोन कलमांच्या फळधारणेवर त्या काही बोलत नाहीत, ही मी पावती समजते.

मोहोराबरोबर तुडतुडे येतात आणि तुडतुड्यांबरोबर पंप. आमच्या वरच्या अंगाची बाग कराराने गेलेली आहे. करार घेणारा पैसे ओतून बसलेला, त्याला तुडतुडा दिसला की फवारायचं. त्याच्याशी मला वैर नाही. पण एका माघात सकाळी दहाला, मोहोर उमललेला असताना पंप चालू झाला आणि दुपारी पेटीच्या पुढ्यात माश्यांचा सडा होता. जीभ बाहेर, पंख थरथरत, काही गोल गोल फिरत. संध्याकाळी केरसुणीनं गोळा केल्या तेव्हा सूप अर्धं भरलं. भांडायला गेले असते तर पंप थांबला नसता. मी दुसऱ्या दिवशी मधाची बाटली घेऊन गेले आणि एवढंच मागितलं, की फवारायच्या आदल्या दिवशी फोन करा, आणि जमलं तर ऊन कलल्यावर फवारा. तेव्हा माशी घरी परतलेली असते, औषध रात्रभरात थोडं तरी सुकतं. फोन येतो. आला की मी अंधार पडल्यावर दाराला जाळी लावते, पेटीवर ओलं गोणपाट टाकते, आत पाणी ठेवते आणि दुसऱ्या दिवशी उशिरा उघडते. माश्या जाळीमागे चवताळतात, त्यांचं बरोबरच आहे. दोन पेट्यांना जाळी लावायला पाच मिनिटं लागतात. हाही एक हिशोब पुतण्याला लिहून दिला आहे.

मग एकच पेटी का नाही, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर मला गेल्या फाल्गुनात चिक्कूखालच्या पेटीनं दिलं.

त्या पेटीची जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन उठली होती. वसंतात वसाहत भरली की असं होतं, मागे नव्या राणीचं घर तयार असतं. नवी राणी बाहेर पडली की काही दिवसांनी ती हवेत उडते, नरांशी तिचा संग होतो आणि परत येऊन ती अंडी घालू लागते. त्या उड्डाणात तिच्यावर कुणाचा पहारा नसतो. आमच्या विजेच्या तारेवर हिवाळाभर वेडे राघू बसतात. ते तारेवरून सूर मारतात, माशी पकडतात, परत तारेवर येऊन तिला आपटतात आणि गिळतात. राणी कोणती आणि कामकरी कोणती, हे त्यांच्या लेखी सारखंच. कुणी खाल्ली ते मी बघितलं नाही, पण राणी परत आली नाही.

हे दारावरून कळतं. पायांना पराग लावून येणाऱ्या माश्या कमी होतात. कारण पराग लागतो पिल्लांना, आणि पिल्लंच नसतील तर आणायचा कुणासाठी. झाकण उचललं की खात्री पटते. चांगल्या वसाहतीचं झाकण काढलं तर सातेरी एकदम "स्स्" करते, सगळ्या मिळून, आणि गप्प होतात. त्या दिवशी आवाज उठला तो खाली बसेचना. लांब, रडका, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाणारा. मी चौकट उचलली, सूर्य पाठीशी घेतला आणि घरांच्या तळात बघत गेले. अंडं म्हणजे तळात उभी असलेली पांढरी बारीक काडी, ऊन अचूक पडल्याशिवाय दिसत नाही. एकही नव्हतं. थोडी नरांची घरं होती, त्यांची झाकणं फुगीर आणि मधोमध सुईनं टोचल्यासारखं भोक, सातेरीच्या नराच्या घराची ती खूण. कामकऱ्यांची नवी पिल्लं नाहीत.

अशी वसाहत सोडून दिली तर कामकरी माश्याच अंडी घालू लागतात, एकेका घरात दोन-तीन, वेडीवाकडी, घराच्या भिंतीला चिकटलेली. सातेरीत हे फार लवकर सुरू होतं. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. नर काम करत नाहीत. वसाहत खाऊन खाऊन संपते.

उपाय एकच. दुसऱ्या पेटीतून ताजी अंडी असलेली चौकट काढायची, त्यावर तिकडची राणी नाही ना ते दोनदा बघायचं, माश्या हळूच झटकायच्या आणि ती चौकट इकडे मधोमध लावायची. मी अकराच्या उन्हात लावली. दुपारी पोस्ट बंद करून आले तेव्हा आवाज बसला होता. झाकण न काढता पेटीला कान लावला तरी कळलं. पुढच्या रविवारी पोळ्याच्या कडेला खाली तोंड करून राणीची घरं लोंबत होती. माश्यांनी तीच साधी अंडी निवडली होती, फक्त घर मोठं केलं आणि खाणं वेगळं घातलं. अंडं घातल्यापासून राणी बाहेर यायला पंधरा-सोळा दिवस लागतात, कामकरी माशीला त्याहून जास्त. ज्या घराच्या टोकावरचं मेण माश्या कुरतडून पातळ करतात, तिथली राणी निघायच्या बेतात असते. त्यातल्या एका घराचं झाकण पुढे गोल कापून बिजागरीवर लटकल्यासारखं उघडं दिसलं. मग वाट बघणं आणि तारेवरचे राघू टाळ्या वाजवून उडवणं. पोस्टात आलेले लोक बघत राहायचे, बाईंना काय झालंय म्हणून. गुढीपाडव्याच्या पुढच्या आठवड्यात घरांच्या तळात पांढऱ्या काड्या दिसल्या, एका घरात एकच, बरोबर मधोमध.

एकच पेटी असती तर ती अंडी मनीऑर्डरनं आली नसती.

तिसरी पेटी असती तर? तर दोघींना मिळतं ते तिघींत वाटलं गेलं असतं, आषाढातली साखर दीडपट झाली असती आणि जवळजवळ ठेवलेल्या पेट्यांत रोगही लवकर पसरतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पिल्लांच्या पिशवी रोगानं केरळ-कर्नाटकातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या संख्येनं संपल्या होत्या. प्रशिक्षणात हे सांगितलं तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली. ज्यांचं पोट त्यावर आहे ते हा धोका घेतात आणि सांभाळतात, त्यांना माझा नमस्कार. माझं पोट त्यावर नाही.

मधाचं म्हणाल तर चांगल्या वर्षी पेटीमागे पाच-सहा किलो, वाईट वर्षी घरच्या खोकल्यापुरता. चौकटीवरची तीन चतुर्थांश घरं मेणानं बंद झाल्याशिवाय मी काढत नाही. आमच्या दमट हवेत कच्चा मध काढला की तो महिन्याभरात फसफसतो आणि बाटलीचं झाकण उडतं. आणि मे महिन्यात शेवटची एक-दोन चौकट तशीच सोडते. आषाढात ती त्यांच्या उपयोगी पडते, आणि माझी साखर वाचते. हे धर्मादाय वगैरे काही नाही.

मे महिन्याच्या दुपारी वेळ असेल तर पेटीच्या दाराशी जरा बसून बघा. दारावर पाच-सहा माश्या ओळीनं उभ्या राहून पंख हलवत असतात, तोंड बाहेर आणि पाठ घराकडे. बाहेरची हवा आत ढकलतात. इटालियन माशी उलटी उभी राहते, घराकडे तोंड करून आतली हवा बाहेर काढते. दोघींची घरं गार होतात. मला हे प्रशिक्षणात सांगितलं तेव्हा खोटं वाटलं होतं. आता रोज बघते.

कुणाला पेटी घ्यायची असेल तर पावसाळ्यात घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. दिवाळीनंतर घ्या, पुढे फुलोरा असतो. शेजारच्या बागेत कोण फवारतं ते आधी जाऊन भेटून या. विजेच्या तारेखाली पेटी ठेवू नका. आणि दोन घ्या.

गेल्या आठवड्यात दहावीतली एक मुलगी आजीच्या खात्याचे पैसे न्यायला आली होती. पुस्तक परत घेताना तिनं माश्यांबद्दल काही विचारलं नाही, पडवीत खुंटीला लावलेल्या काठीकडे बघून म्हणाली, "काकी, मना गरवायला शिकवशाल?" म्हटलं, ये अष्टमीला, चार वाजता. काठी तुझी तू आण, पांगारा मी देते.